'रिपीट' कुठं म्हणावं, 'अगेन' कुठं

'प्लीज रिपीट अगेन, सर.' नोकरीच्या मुलाखतीत, बँकेच्या फोनवर, मुलाच्या शाळेत बाईंशी बोलताना हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघतं. समोरच्याला अर्थ कळतो आणि काम होऊन जातं, म्हणून कुणी दुरुस्तही करत नाही. पण ते दुरुस्त करण्यासारखं आहे. 'रिपीट' हे क्रियापद नेमकं समजलं, तर फोनवर, दवाखान्यात, ऑफिसात होणारे कितीतरी घोटाळे टळतात. हैदराबादच्या नारायणगुड्यात मी इंग्रजी संभाषण शिकवतो. इथल्या मराठी घरांतली मुलं आणि त्यांचे आईवडील या एका शब्दाशी कुठं अडखळतात ते रोज ऐकतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासारख्याच चार भाषांच्या गलक्यात राहणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी 'अगेन' येतं कुठून ते बघू. मराठीत आपण 'परत सांगा' म्हणतो. शेजारची तेलुगू बाई 'मळ्ळी चेप्पंडी' म्हणते, म्हणजे पुन्हा सांगा. रिक्षावाला दखनीत 'फिर से बोलो' म्हणतो. तिन्ही भाषांची घडण एकच: 'पुन्हा' या अर्थाचा एक वेगळा शब्द आणि पुढं साधं क्रियापद. इंग्रजीत 'रिपीट'च्या सुरुवातीला असलेला 'रि' हाच 'पुन्हा'. तो क्रियापदाच्या पोटातच बसलेला आहे. हा शब्द लॅटिनमधून आला आणि मूळ अर्थ साधारण 'पुन्हा त्याकडे जाणं, पुन्हा मागणं' असा. आपल्या कानाला मात्र 'पुन्हा' वेगळं ऐकू आल्याशिवाय समाधान होत नाही, म्हणून आपण 'अगेन' जोडतो. एकदा सांगून झालं, दुसऱ्यांदा सांगून झालं आणि आता तिसऱ्यांदा सांगायचं आहे, तेव्हा 'रिपीट अगेन' चालतं. पहिल्याच वेळी ते नको. 'रिव्हर्ट बॅक', 'रिटर्न बॅक' यांची गोष्टही हीच.

यापेक्षा मोठी चूक दुसरीच आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. 'रिपीट'ला कर्म हवं. परत काय म्हणायचं, ते सांगितलं पाहिजे. 'प्लीज रिपीट' एवढंच म्हटलं तर ते अर्धवट आणि जरा हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?' हे पूर्ण वाक्य झालं. मराठीत 'मला परत सांगा' म्हणतात म्हणून बरीच मुलं 'प्लीज रिपीट मी' म्हणून मोकळी होतात. इंग्रजीत त्याचा अर्थ होईल 'मला परत म्हणा', जणू मी एखादा पाढा आहे. माणूस आणायचाच असेल तर 'फॉर' किंवा 'टू' लावून आणायचा: 'कुड यू रिपीट दॅट फॉर मी?' 'ही रिपीटेड द स्टोरी टू हिज वाइफ.' कर्माच्या जागी अख्खं वाक्यही बसतं: 'शी रिपीटेड दॅट द फी वॉज नॉन-रिफंडेबल', म्हणजे फी परत मिळणार नाही, हे तिनं पुन्हा सांगितलं.

आता जिथं 'रिपीट' बसतच नाही अशी जागा. 'तो परत परत उशिरा येतो' याचं भाषांतर मुलं 'ही रिपीट्स कमिंग लेट' असं करतात. 'रिपीट'नंतर दुसऱ्या क्रियापदाचं 'इंग' असलेलं रूप असं येत नाही. इथं 'कीप' हवं: 'ही कीप्स कमिंग लेट.' लिफ्ट सारखी बंद पडते: 'द लिफ्ट कीप्स ब्रेकिंग डाऊन.' मुलगा तेच तेच विचारतोय: 'ही कीप्स आस्किंग द सेम थिंग.' आपल्या 'परत परत', 'सारखं', 'घडीघडी' या सगळ्यांना इंग्रजीत बहुतेक वेळा 'कीप' लागतं. ही एक गोष्ट पाठ झाली तरी बोलणं एकदम सुधारतं. मी ती सगळ्यात आधी शिकवतो.

मग 'रिपीट' नेमकं कधी? जे आधी झालं किंवा म्हटलं, तेच, तसंच्या तसं पुन्हा, असा अर्थ असेल तेव्हा. नुसतं पुन्हा आणि तसंच पुन्हा यांत फरक आहे. समोरच्यानं समजावून सांगितलेलं कळलं नसेल, तर त्याला तेच शब्द परत म्हणायला लावून उपयोग काय? तिथं 'कुड यू एक्स्प्लेन दॅट इन अ डिफरंट वे?' असं विचारायला हवं. ऐकूच आलं नसेल, तेव्हा 'रिपीट' योग्य. मुलाखतीत प्रश्न कळला नाही आणि उमेदवारानं 'रिपीट' म्हटलं, तर मुलाखत घेणारा तोच प्रश्न त्याच शब्दांत, थोड्या मोठ्या आवाजात विचारतो आणि उमेदवार पुन्हा तिथंच अडकतो. दोष भाषेच्या ज्ञानाचा नसतो, शब्द चुकीचा निवडलेला असतो.

आणि एक दिलासा देणारी गोष्ट. रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत 'रिपीट'पेक्षा 'से दॅट अगेन' जास्त मोकळं वाटतं. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' ही घडण आपल्या 'परत सांगा'चीच आहे. म्हणजे जी सवय 'रिपीट'शी जोडली की चूक ठरते, तीच 'से'शी जोडली की अस्सल इंग्रजी होते. 'अगेन' फेकून देऊ नका, त्याला योग्य जोडीदार द्या.

जिथं ऐकण्यातली चूक जिवावर बेतू शकते, तिथंही हेच चालतं. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिभाषेत वैमानिकाला संदेश ऐकू आला नाही तर तो 'से अगेन' म्हणतो, 'रिपीट' नाही. पाश्चात्त्य लष्करांच्या रेडिओ संभाषणात तर 'रिपीट' हा शब्द तोफखान्यासाठी राखून ठेवलेला आहे. त्याचा अर्थ, मघाचाच मारा तसाच पुन्हा करा. म्हणून तिथं ऐकू आलं नाही म्हणून 'रिपीट' म्हणण्याची मनाई आहे. 'रिपीट'मध्ये 'तसंच्या तसं' किती घट्ट बसलंय ते यावरून कळावं.

वैमानिकांची आणखी एक सवय आपण उचलावी अशी आहे. संदेशाचा एखादाच तुकडा निसटला तर ते सगळं परत मागत नाहीत. 'से अगेन ऑल आफ्टर' असं म्हणून अमुक शब्दाच्या पुढचं सगळं, किंवा 'ऑल बिफोर' म्हणून त्याच्या आधीचं सगळं मागतात. काय ऐकू आलं नाही तेवढंच सांगायचं. फोनवरच्या मुलाखतीत हे सोनं आहे. 'सॉरी, आय मिस्ड द लास्ट पार्ट.' 'कुड यू रिपीट द पार्ट अबाउट द नोटीस पीरियड?' असं विचारणारा उमेदवार ऐकत होता, हे पलीकडच्याला कळतं. नुसतं 'हां? रिपीट?' म्हणणाऱ्याबद्दल ते कळत नाही. नारायणगुड्याच्या उड्डाणपुलाखाली उभं राहून फोन घेतला असेल तर निम्मं बोलणं हॉर्नमध्ये जातं. तिथं तर हे तुकडे मागणं फारच उपयोगी. खरं तर तो फोन तिथं घेऊच नये. 'कॅन आय कॉल यू बॅक इन फाइव्ह मिनिट्स?' म्हणावं आणि आत कुठंतरी जावं.

आकड्यांच्या बाबतीत 'रिपीट' मागूच नका, ते स्वतः करा. समोरच्यानं खाते क्रमांक, तारीख, रक्कम सांगितली की तुम्ही ती वाचून दाखवा आणि विचारा, 'इज दॅट करेक्ट?' याला इंग्रजीत 'रीड बॅक' म्हणतात. हवाई नियंत्रकाची सूचना वैमानिक असाच परत वाचतो, आणि रुग्णालयांतही डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला डोस नर्सनं असाच वाचून दाखवायची पद्धत आहे. कारण सोपं आहे. समोरच्यानं दुसऱ्यांदा सांगितलं तरी तुम्ही दुसऱ्यांदा चुकीचं ऐकू शकता. तुम्ही वाचून दाखवलं की तुमची चूक त्याला ऐकू येते. इंग्रजीत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' फोनवर हमखास गोंधळात टाकतात. तिथं अंक सुटे करून विचारा: 'वन फाइव्ह, ऑर फाइव्ह झिरो?' लाजू नका. पंधरा हजार आणि पन्नास हजार यांतला फरक लाजेपेक्षा मोठा आहे.

आता एक असा अर्थ, जो शब्दकोशात असतो पण आपल्या बोलण्यात फारसा नसतो. ऑफिसात वरिष्ठ हळूच काही सांगतात आणि म्हणतात, 'प्लीज डोन्ट रिपीट धिस टू एनीवन.' याचा अर्थ 'हे पुन्हा करू नकोस' असा नाही, तर 'हे कुणाला सांगू नकोस' असा. ऐकलेलं दुसऱ्याच्या कानावर घालणं यालाही इंग्रजीत 'रिपीट'च म्हणतात. पुढं 'टू' आणि माणूस आला की हा अर्थ समजावा. चूक झाल्यावर कुणी 'डोन्ट रिपीट धिस मिस्टेक' म्हटलं तर तो अर्थ वेगळा, आणि तो आपल्याला ठाऊक आहेच.

माणूस स्वतःलाही 'रिपीट' करतो. 'यू आर रिपीटिंग युअरसेल्फ' म्हणजे तेच तेच दळण दळतोयस. हे वाक्य टोचतं. मोठ्यांना, ग्राहकाला, साहेबांना म्हणू नये. स्वतःबद्दल म्हणायला मात्र चांगलं: 'सॉरी इफ आय अ‍ॅम रिपीटिंग मायसेल्फ.' तसंच 'आय रिपीट' हा तुकडा. भाषणात, जाहीर सूचनेत तो शोभतो, पण ईमेलमध्ये लिहिला की दटावल्यासारखा वाटतो. तिथं 'अ‍ॅज आय मेन्शन्ड अर्लियर' सौम्य पडतं, आणि कित्येकदा तेही न लिहिता सरळ मुद्दा पुन्हा मांडलेला बरा.

शिक्षणातलं 'रिपीट' इथल्या घरांत जड मनानं उच्चारलं जातं. नारायणगुडा, हिमायतनगर, बरकतपुरा हा सगळा विद्यार्थ्यांचा पट्टा आहे. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी आणखी एक वर्ष देणाऱ्या मुलांच्या वर्गाला हैदराबादेत 'लाँग टर्म' म्हणतात, महाराष्ट्रात 'रिपीटर बॅच'. पण अर्जात किंवा मुलाखतीत स्वतःला 'रिपीटर' म्हणवून घेऊ नका. त्याची गरजही नाही आणि ते अचूकही नाही. तीच इयत्ता पुन्हा केली तर 'रिपीटेड द इयर' बरोबर, कारण वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच. परीक्षा पुन्हा दिली, पेपर नवा होता, तर 'आय रीटूक द एक्झाम'. ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलणारे तिथं 'रीसॅट' म्हणतील. 'आय रीटूक नीट अ‍ॅन्ड इम्प्रूव्हड माय स्कोअर' हे वाक्य मान वर करून म्हणता येतं. पालकांनीही ते असंच म्हणावं, कारण मुलं घरातले शब्दच उचलतात.

दवाखान्यातल्या 'रिपीट'कडे फार काळजीनं बघावं लागतं. चिठ्ठीवर 'रिपीट फॉर टू वीक्स' असेल तर तीच औषधं आणखी दोन आठवडे घ्यायची. 'रिव्ह्यू आफ्टर टू वीक्स' असेल तर दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवायला जायचं. 'रिपीट सीबीसी आफ्टर थ्री डेज' म्हणजे रक्ताची तीच तपासणी तीन दिवसांनी पुन्हा करायची, त्याचा गोळ्यांशी संबंध नाही. 'फॉर' म्हणजे तेवढे दिवस, 'आफ्टर' म्हणजे तेवढ्या दिवसांनी. घरातल्या वयस्करांना हे समजावून द्या आणि चिठ्ठीवर शेजारी मराठीत लिहून ठेवा. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानात 'रिपीट करा' म्हणण्याची सवयही धोक्याची. 1945च्या औषध नियमांप्रमाणे अनुसूची एचमधली औषधं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर, एकाच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा देता येत नाहीत. अनेक प्रतिजैविकं याच प्रकारची आहेत. आणखी एक खाचखळगा: 'रिपीट थ्री टाइम्स' म्हणजे एकूण तीन की पहिला एक आणि वर तीन? इंग्रजी बोलणाऱ्यांतही याबद्दल एकमत नसतं. व्यायामात एखादा कमीजास्त झाला तर बिघडत नाही, औषधात बिघडतं. 'थ्री टाइम्स इन टोटल?' असं विचारूनच बाहेर पडा.

रूपं थोडक्यात. क्रियापद 'रिपीट', जोर 'पीट'वर. नाम मात्र 'रेपिटिशन', पहिलं अक्षर 'रे'. लिहिताना क्रियापदातलं टीच्या आधीचं 'ए' अक्षर नामात गळतं आणि तिथंच स्पेलिंग चुकतं. विशेषणं दोन आहेत आणि त्यांत खोल फरक आहे. 'रिपीटेड' म्हणजे अनेकदा केलेलं, 'रिपेटिटिव्ह' म्हणजे तेच तेच असल्यानं कंटाळवाणं. पाण्याच्या तक्रारीचं पत्र लिहिताना 'डिस्पाइट रिपीटेड रिक्वेस्ट्स' लिहा. 'रिपेटिटिव्ह रिक्वेस्ट्स' लिहिलं तर तुमच्याच विनंत्यांना तुम्ही रटाळ म्हटल्यासारखं होईल.

शेजारचे शब्दही याच कुळातले वाटतात म्हणून गोंधळ करतात. कविता किंवा श्लोक पाठ म्हणणं 'रिसाइट', नाटकाची तालीम 'रिहर्स'. परीक्षेआधीची उजळणी ब्रिटिश इंग्रजीत 'रिव्हाइज', पण अमेरिकन कंपनीतला साहेब 'रिव्हाइज द रिपोर्ट' म्हणाला तर अहवाल वाचत बसू नका, त्यात सुधारणा करा. 'रीइटरेट' म्हणजे मुद्दा ठासून पुन्हा मांडणं. तो सभेतला शब्द आहे, फोनवर ऐकू आलं नाही म्हणून कुणाला 'रीइटरेट' करायला सांगू नये. दुसऱ्याच्या म्हणण्याची री ओढणं याला 'एको' जवळचं.

आता सराव, कारण हे वाचून जिभेवर बसत नाही. नारायणगुड्यात शिकण्याशिकवण्याची परंपरा जुनी आहे, आणि त्यात मराठी माणसांचा हात आहे. इथली केशव मेमोरियल संस्था 1940 साली न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ सुरू झाली. मराठवाड्यातून येऊन निजामाच्या राजधानीत उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले हे गृहस्थ शिक्षणासाठी झटले. पुढं 1958 साली याच शहरात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश उभी राहिली. आज तिचं नाव इंग्लिश अ‍ॅन्ड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी. त्या काळात जगभर रचना-पद्धतीचा जोर होता: शिक्षकानं वाक्य म्हणायचं, वर्गानं एका सुरात परत म्हणायचं, मग वाक्यातला एक शब्द बदलून पुन्हा. 1979 ते 1984 या वर्षांत एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत वेगळा प्रयोग केला, जो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. मुलांना वाक्यं घोकायला न लावता नकाशा वाचणं, वेळापत्रक लावणं अशी कामं द्यायची आणि अर्थाच्या शोधात भाषा येऊ द्यायची. मला दोन्ही हवं वाटतं. नुसतं घोकलेलं वाक्य ऐनवेळी आठवत नाही, आणि कधीच न घोकलेलं वाक्य जिभेवर येत नाही.

पण घोकायचं कसं? आपल्याकडच्या वेदपाठकांनी याचं उत्तर फार पूर्वी काढलं. क्रम, जटा, घन हे पाठाचे प्रकार म्हणजे एकच ओळ शंभरदा म्हणणं नव्हे. शब्दांच्या जोड्या सरळ, उलट, पुन्हा सरळ अशा फिरवायच्या. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा सरळ, असं चालतं. प्रत्येक वेळी काहीतरी बदलतं म्हणून मन जागं राहतं. इंग्रजीचं वाक्यही असंच फिरवा. 'कुड यू रिपीट द अ‍ॅड्रेस, प्लीज?' यात 'अ‍ॅड्रेस' काढून 'लास्ट नंबर' घाला, मग 'क्वेश्चन', मग 'नेम ऑफ द डॉक्टर'. मग सुरुवात बदला: 'वुड यू माइंड रिपीटिंग द अ‍ॅड्रेस?' इथं 'माइंड'नंतर 'रिपीटिंग' येतं ते कानानं टिपा. मग तोच अर्थ 'से'नं: 'कुड यू से द अ‍ॅड्रेस अगेन?' एका बैठकीत दहा मिनिटं पुरे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत झपाट्यानं विसरलं जातं आणि सराव वेगवेगळ्या दिवसांत वाटला तर कमी मेहनतीत टिकतो. म्हणून आज, परवा, पुढच्या आठवड्यात, असं करा. एका रविवारी दोन तास बसण्यापेक्षा हे बरं.

एकट्यानं आरशासमोर बोलण्यात मजा नाही. घरातल्या कुणाला तरी जोडीला घ्या. त्यानं वर्तमानपत्रातला एखादा पत्ता किंवा दहा आकडी नंबर भराभर, मधलेच अंक गिळत वाचावा. तुम्ही पाठ फिरवून बसा, कागदावर उतरवा, जो तुकडा निसटला तेवढाच इंग्रजीत मागा आणि शेवटी सगळा नंबर वाचून दाखवा. पंखा जोरात लावा, टीव्ही चालू ठेवा. दोनतीन दिवसांनी एखाद्या तेलुगू मैत्रिणीला वाचायला सांगा, कारण मुलाखतीच्या फोनवरचा आवाज तुमच्या ताईच्या उच्चारांत बोलणार नाही.